जबाबाआधी दोन शब्द

— नाही, त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय हलतो. इथं बसा ताई, टेबलाजवळ. चौकशीचे साहेब येतीलच. जबाब तेच घेणार, मी आपला लिहून घेणारा हवालदार — ते विचारणार, तुम्ही सांगणार, मी खरडणार. तोवर म्हटलं, दोन शब्द बोलून घेऊ, घरच्यासारखे. चालेल ना? चालेल.

तुमचा तक्रारअर्ज वाचला मी. तीनदा वाचला. अक्षर छान आहे हो — शाळेत शिकवता, दिसतंच ते. ‘माझ्या धाकट्या भावाला चौकशीसाठी ठाण्यात नेले, मारहाण केली, त्याचा उजवा कान कायमचा गेला.’ वाईट झालं. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, टिकटिक ऐकण्यावर पोट त्याचं — मी कुठं नाही म्हणतोय? पण कान काय, सर्दीनंही जातो. माझ्या सासऱ्यांचा गेला, त्यांना कुणी बोट लावलं होतं? साहेब हेच विचारतील. लोक म्हणतात, खात्यानं खात्याची चौकशी करायची म्हणजे कुंपणानं शेताचा हिशेब द्यायचा. म्हणू देत. तुम्ही तर वर कोर्टात भरपाईचा दावाही लावलाय. वकील तरुण आहे तुमचा, तडफदार आहे. परवा त्याच्या स्कूटरची दोन्ही टायरं कुणीतरी कापली म्हणे. दिवस वाईट आलेत. आणि तुम्ही एकट्याच येता-जाता — शाळा साडेपाचला सुटते, मग भाजी घेता, मग वखारीमागच्या गल्लीनं घरी. जरा जपून. — मला कसं ठाऊक? अहो, आमचं कामच ते. धमकी नाही ही. तसं मनात आणू नका. काळजीनं सांगतोय.

बरं, ज्या फौजदारांचं नाव तुम्ही घातलंय ना, तो माणूस मनानं वाईट नाही. शीघ्रकोपी आहे, एवढंच. घड्याळ चोरीला गेलं ते बड्या घरचं, वरून दिवसात चार-चार फोन — करणार काय? आणि तुमचा भाऊ म्हणजे एकच पालुपद. ‘मी फक्त काच बदलून दिली, घड्याळ कुणाचं ते मला माहीत नाही.’ विचारलं की हेच. पुन्हा विचारलं की हेच. तेही कसं, आवाज न चढवता, गिऱ्हाइकाशी बोलावं तसं. अशा शांतपणानंच समोरच्याचं डोकं फिरतं. तरी मी फौजदारांना म्हटलं, साहेब, चष्मा तेवढा काढू द्या त्याला, काच डोळ्यात जाईल. काढला त्यानं. नीट घडी करून माझ्या हातात दिला — म्हणाला, दादा, जपून धरा, उजवी काडी सैल आहे. दादा म्हणाला मला. तशा वेळी माणूस असं —

काय लिहिताय तुम्ही?

नाही, ते ऐकीव आहे. ठाण्यात बोलतात पोरं, ते सांगितलं. मी त्या दिवशी रजेवर होतो. हजेरीपटात तसं आहे — म्हणजे फौजदारांनीच नंतर रजा लावून — रजेवर होतो मी, ताई. संपलं. ती वही पिशवीत ठेवा. ठेवा म्हणतोय ना. मी तुमच्याशी घरच्यासारखं बोललो, आणि तुम्ही माझाच जबाब घ्यायला लागलात? दोन वर्षं राहिलीत माझी निवृत्तीला. बायको अंथरुणाला खिळलेली आहे. फौजदारांना हे कळलं तर तुमचं राहू द्या, आधी माझं काय होईल, कल्पना आहे? — उठू नका. नाही, हात लावत नाही मी. दार उघडंच आहे, बघा.

साहेब? साहेब आज येणारच नव्हते. मला सकाळीच सांगितलं होतं त्यांनी — बाई एकटी येईल, जरा समजावून बघ.

काय म्हणालात?

चष्मा...

तो — तो घरी आहे माझ्या. कपाटात. परत द्यायचा राहून गेला.

जा तुम्ही, ताई. आज जबाब व्हायचा नाही.