फळ्यावरची मिरची

...आणि ही हकिगत सांगायला लागलो की लोक वर मलाच विचारतात, "सर, तुम्हाला नक्की आठवतंय ना?" आता काय सांगू? तेच तर नक्की आठवत नाही! हे सुरू झालं तेव्हा मंगळवार होता असं मला वाटतं, पण कोरीट गावच्या गोकुळच्या मुलीचं लग्नही मला मंगळवारीच आहे असं वाटलं होतं, आणि मी आहेराचं पाकीट घेऊन पोचलो तेव्हा मांडवाचे बांबू सोडत होते. गोकुळ माझा जुना विद्यार्थी. हसला नाही, एवढे त्याच्यावर संस्कार. "सर, लगीन काल व्हयी गयं. बसा, जेवण शे." उरलेल्या बुंदीचं जेवलो. गोड होती. पण घशाखाली उतरताना मनात एकच... सुरुवात झाली.

तुम्हाला सांगतो, मी इतिहासात पीएच.डी. केलेला माणूस. एकतीस वर्षं मुलांना बजावलं, ऐकीव धरायचं नाही, पुरावा काय ते दाखवा. आणि माझ्या स्वतःच्या बाबतीत मी एकटाच साक्षीदार, तोही असा की ज्याला कालचं लग्न आज आहे असं वाटतं!

कमलने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, बुंदीची हकिगत त्याच संध्याकाळी सुरतेला मुलीला कळवली. चेतना रविवारी आली ती माझ्या फोनसाठी फळा घेऊनच. फळा म्हणजे कामांचं अ‍ॅप, तीन रकाने. करायचे, चालू, झाले. प्रत्येक कामाचं एक कार्ड. काम झालं की बोटाने उचलायचं आणि सरकवून द्यायचं. "बाबा, डोक्यात काही ठेवायचंच नाही." मी म्हटलं, बाई गं, भीती तीच आहे की डोक्यात काही राहत नाही, आणि तू उरलेलंही काढायला सांगतेस? ती शिकवत होती, मी वहीत टिपणं घेत होतो. कमल शेजारी लसूण सोलत बसली होती. ती ऐकत नाहीये असं मी गृहीत धरलं. चाळीस वर्षांच्या संसारात मी केलेलं हे एकमेव गृहीतक नव्हे, पण सगळ्यात महाग पडलेलं.

पहिल्या दिवशी सत्तेचाळीस कार्डं केली. दूध. नळाचा पाना. मित्राला, रतिलालला, प्रकाशा गावी देवदर्शनाला जायचा निरोप. गच्चीवरची मिरची उलटवणे. आणि एक नुसतंच, 'काही राहिलं का ते पाहणे'. ते अजून चालू आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी झोपून उठलो, चष्मा लावला, फळा उघडला, आणि मिरचीचं कार्ड 'झाले'मध्ये! मी गच्चीवर गेलोच नव्हतो. आठवत तरी नव्हतं. पण पुरावा काय?

धापा टाकत वर गेलो. मिरची उलटवलेली. एक उचलून खालची बाजू निरखून पाहिली, व्यवस्थित वाळत होती. आता ती मी उलटवली असेल तर हाताला तिखट असणार, बरोबर? ही झाली शास्त्रीय पद्धत. खाली आलो आणि बोट डोळ्यात घातलं.

काय सांगू तुम्हाला! अर्धा तास नळाखाली डोकं धरून बसलो होतो, आणि डोळ्यापेक्षा जास्त काळीज जळत होतं, कारण सिद्ध झालं ना, मीच उलटवली होती आणि साफ विसरलो होतो! एक मिरची वर जाऊन मीच हातात धरली होती, हे सुचायला मला दोन दिवस लागले. म्हणजे स्मरणशक्ती राहू द्या, आता बुद्धीचीही शंका.

मग रतिलालचं कार्ड सरकलं. लगेच फोन लावला, "रतिलाल, मी तुला फोन केला होता का?" तो म्हणतो, "निरोप भेटना माले. मंग आते काय करी ऱ्हायना तू?" निरोप मिळालेला! आता बोला.

त्या फळ्यावर एक नोंद असते, कार्ड कोणी हलवलं, किती वाजता. ती उघडली. योगेंद्र, दुपारी दोन दहा. योगेंद्र, दोन चौदा. योगेंद्र म्हणजे मी. आणि दोन दहाला मी घोरत असतो, याला आख्खी गल्ली साक्षीदार आहे. तोंडी नव्हे, लेखी पुरावा, आणि तो माझ्याविरुद्ध! म्हणजे मी झोपेत गच्चीवर जातो? त्या जिन्याला कठडा नाही हो! एके दुपारी फोन मुठीत आवळून डोळे ताणून जागा राहिलो. त्या दिवशी एकही कार्ड हललं नाही. निष्कर्ष उघड होता. जागेपणी माझ्या हातून काही होत नाही, जे होतं ते झोपेत.

कमलला सांगावं असं दहादा वाटलं. पण ती घाबरली असती. म्हणून शेवटी, छातीवर दगड ठेवून, एक कार्ड केलं. 'स्मरणशक्ती. डॉक्टरांना दाखवणे.' केलं आणि देवाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघत बसलो. दुसऱ्या दिवशी आंघोळ केली, पेपर वाचता वाचता डुलकी लागली, जागा झालो तर अकरा वाजलेले, आणि ते कार्ड...

'झाले'मध्ये.

हसू नका. विचार करा, मी डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो, त्यांनी काहीतरी सांगितलं होतं, आणि ते इतकं वाईट होतं की मी ते विसरलो! परत जाऊन विचारू? "काल तुम्ही मला विसरण्याबद्दल काय सांगितलंत, ते मी विसरलो"? फळा बंद केला. चार वर्षं त्या दवाखान्याच्या गल्लीत पाय ठेवला नाही. भाजीला जायचं तर मारुतीकडून वळसा. डोक्यात फक्त एक काम ठेवलं, कमलची पांढरी गोळी दर महिन्याला मेडिकलमधून आणायची. ते कधी चुकलं नाही. गोळी कशाची, हे मात्र विचारलं नाही. तिने आण म्हटलं, मी आणली.

गेल्या महिन्यात हयातीच्या दाखल्यासाठी पेटी उपसली आणि तळाशी दवाखान्याचा केसपेपर. माझं नाव. तीच तारीख. कमलला हाक मारली. म्हटलं, हे बघ, मी गेलो होतो.

ती पोळी लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही कसाले? मी गयथू. तुमनाबारामा इचारानं व्हतं, मंग तुमनाच नावना कागद काढी लिधा."

"आणि कार्ड?"

"काम व्हयनं का सरकायी देवानं, असं चेतनानीच सांगेल व्हतं ना? मिरच्या मी उलट्या करू, निरोप मी दिधा, मंग तुमना फोनमा सरकावाले कोण यी? तुम्ही इचारं का कव्हय?"

चार वर्षं! मी हळूच विचारलं, डॉक्टर माझ्याबद्दल काय म्हणाले?

लाटणं थांबलं. "ते याद नही. मी बोलता बोलता रडी पडनू, तं तेस्नी मन्हाच हातले मशीन लायी दिधं."

दुसऱ्या दिवशी केसपेपर घेऊन मेडिकलमध्ये गेलो आणि खात्री करून घेतली. त्या कागदावर स्मरणशक्तीबद्दल एक अक्षर नाही. रक्तदाब एकशे सत्तर, आणि खाली तीच पांढरी गोळी. नाव माझं, भीती माझी, आणि औषध चार वर्षं तिला चालू.