शेवटच्या फुग्यातला शब्द

आदरणीय अध्यक्षा, आमच्या वाचनालयाच्या ताई. व्यासपीठावरचे वितरक मित्र. समोर बसलेले वाचक आणि वाचकांनी धरून आणलेले त्यांचे आईबाप. दाराशी उभे असलेले आमचे मशीनवाले (अहो, आत या, खुर्च्यांचं भाडं आपणच भरलंय). आणि ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला त्या आमच्या बाई, सर्वांना नमस्कार.

मी छापखान्यात झाडू मारत वर आलेला माणूस. शाळेपेक्षा मशीनपाशी जास्त बसलो, त्यामुळे कान तेवढे तयार झाले. मशीनचा आवाज बदलला की मला आधी कळतं. बाईंचा आवाज बदलला, तेही कळलं होतं. पण कळून काय उपयोग?

मुलं जिला मंगा म्हणतात ती जपानी चित्रकथा मराठीत आणायची, ही माझी हौस. मेंढ्या राखणारी एक पोर आणि तिला सापडलेलं ड्रॅगनचं पिल्लू. बाईंनी त्या कथेचं मराठी केलं आणि अक्षरंही स्वतःच्या हातानं काढली. जपानी मजकूर वरून खाली जातो, म्हणून संवादाचे फुगे उभे, सडपातळ. आपले शब्द आडवे, खात्यापित्या घरचे! त्यांना त्या फुग्यात बसवणं म्हणजे माझ्यासारख्याला बालवाडीच्या बाकात बसवणं. बाईंनी बसवले. अंग चोरायला शिकवलं त्यांना.

शेवट काय होणार, हे कुणाला ठाऊक नव्हतं? आमचे बाइंडर मामा पहिला भाग शिवतानाच म्हणाले होते, "उडणारं जनावर पाळलंय. एक दिवस उडणारच. त्यात काय सांगायचं?"

झालंही तसंच, शेवटच्या भागात ते उडालं. मी बाईंना म्हटलं, "राहू द्या ना त्याला गावात. एक फुगा तर बदलायचा!"

"चित्रात तो ढगात गेलाय, मालक. फुग्यात कसा राहील?"

"मग पोरीला निदान थांब म्हणू द्या."

"म्हणालीये की मागच्या भागात. ऐकलं का त्यानं?"

त्याच सुमारास डॉक्टरांनी बाईंना बारीक काम बंद करायला सांगितलं होतं. डोळे. आता त्या बहिणीकडे राहायला चालल्या आहेत. मी मोठा दिवा आणला, भिंग आणलं. म्हणाल्या, "भिंगानं फुगा मोठा होतो मालक, डोळा नाही." मग म्हटलं, तुम्ही नुसतं सांगा, अक्षरं दुसरं कुणी काढेल. त्यावर नुसत्या हसल्या. "शब्द कुठे तोडायचा, ते माझ्या हाताला लिहिता लिहिता कळतं. तोंडानं काय सांगू?"

मी परत पहिला भाग उघडून बसलो. मामा जाता जाता टोमणा मारून गेले, "शेवट माहीत होता ना, मालक? मग पानं मागं का चाळताय?"

शेवटच्या पानावर ड्रॅगनचा एकच फुगा आहे. मुळात तो म्हणतो, 'मी जातो.' बाईंनी लिहिलं, 'येतो.'

मी म्हटलं, "बाई, हा परत येणार नाहीये."

"म्हणून काय जातो म्हणायचं? आपल्या घरात वाढलाय तो."

आता ही समोरची मुलं मला सांगतात, काका, शेवट आधीच माहीत होता, तरी रडलो आणि मग बरं वाटलं. बरं वाटलं म्हणे! मी ते पान छापलं, कापलं, गठ्ठे बांधले. मला अजून बरं वाटायचंय.

आज दुपारी बाईंनी टेबल आवरलं, शाईची दौत धुतली, पेनांची टोकं पुसली आणि माझ्या दारात आल्या. मी उगाच कागद चाळत बसलो होतो. पण कान कुठे मिटता येतात?

"मालक, येते."

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे आभार. बोलताना काही वेडंवाकडं गेलं असेल, तर फुगा लहान पडला असं समजून सांभाळून घ्या. आणि बाई, दुपारी माझ्या तोंडून उत्तर निघालं नाही. ते आता सगळ्यांसमक्ष देतो.

या.