पर्यायी जागा

—नाही हो, मी कुठे हसतेय? नगरपालिकेचं मशीन बंद पडलं म्हणून तुम्ही एवढे कागद काखेत मारून माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आलात, यात हसण्यासारखं काय आहे? बसा. जरा जपून हं, त्या स्टुलाचा एक पाय लंगडा आहे. किती प्रती? साठ? काढते की. दहा वर्षांत माझं मशीन एकदाही रुसलेलं नाही, तुमच्यासारखं नाही ते — तुमच्या ऑफिससारखं म्हणतेय हो, लगेच अंगावर घेऊ नका. थांबा, जरा तापू दे त्याला.

कचरा केंद्राच्या जागेचा निकाल ना? सांगायला कशाला हवं! महिनाभर या टेबलाशी दुसरं झालंय काय? चार वर्षांत घरं दुप्पट झाली, कचरा चौपट. तो रोज उचलून हवा, वेळेवर हवा — आणि न्यायचा कुठे? तर दुसऱ्याच्या दारात. तुमच्या यादीत बारा जागा, त्यातल्या अकरा जागांची माणसं याच स्टुलावर बसून गेली. तळ्याकाठच्या बंगल्यातल्या बाई आल्या, शाळेचे मास्तर आले, नव्या इमारतींचे ते सेक्रेटरी आले — शर्टाला कडक इस्त्री आणि डोक्यात भुसा. सगळ्यांचे हरकतीचे अर्ज मी टाइप केलेत. अकराच्या अकरा! तुम्हाला अर्ज वाचून संशयसुद्धा आला नाही? कमाल आहे.

छे, मजकूर एकच कसा असेल? जागा बदलायची, नाव बदलायचं. तो म्हातारा तेवढा मी सगळ्यांत ठेवला. — कोणता म्हातारा काय विचारताय? ‘सदर जागेलगत एक वृद्ध, दम्याचे रुग्ण गृहस्थ राहत असून, मोकळ्या हवेत बसणे हाच त्यांचा एकमेव उपचार आहे.’ बाईंच्या बंगल्याशेजारी तोच, मास्तरांच्या गल्लीत तोच. अकरा ठिकाणी एकच म्हातारा खोकतोय! तुमच्या साहेबांनी काहीच विचारलं नाही? ... डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या? बघा! — अहो, खोटं कसलं त्यात, माणूस खरा आहे. माझे वडील. ऐका, येतोय ना खोकला? मागच्या दारात बसलेत. लाकडाची वखार पाडली तेव्हापासून मागे सगळं मोकळं आहे, छान वारा येतो. डॉक्टर म्हणाले होते, हा हिवाळा काही निघायचा नाही. मी त्या दारात खुर्ची टाकली, आणि तीन हिवाळे काढले की त्यांनी! मला तेवढंच हवंय हो, ते तिथे बसलेले हवेत, बाकी काही नको. — आणि वर मलाच ओरडतात, तुझ्या मशीनने झोपमोड होते म्हणून. झालं हो बाबा, एकच काम आहे!

पण तो तुमचा नियम — हरकत घ्यायची तर पर्यायी जागा सुचवा. कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाला तो? लोकांची बोबडीच वळली. शेजारच्या गल्लीचं नाव घालावं, तर उद्या तिथल्या माणसांना तोंड कसं दाखवायचं? मास्तर तर अर्धा तास पेन चावत बसले होते. मग मीच तोडगा काढला. तुमची यादी समोर होती, नुसते जागांचे सर्व्हे नंबर. म्हटलं, शेवटचा घालू — सत्तेचाळीस — त्या नंबराचं कोणी आलं तर बघू पुढे. कोणी आलंच नाही! असेल कुठेतरी माळावर, चिटपाखरू नसेल तिथे. मग पुढच्या दहाही अर्जांत तोच ठोकला. कोणाशी वाईटपणा नाही, सगळे खूश. बंगलेवाल्या बाई तर म्हणाल्या, तू निवडणुकीला उभी राहा.

हं, तापलं. द्या तो कागद. मागे नकाशा आहे? तोही काढू. ... आली बघा पहिली प्रत, कशी स्वच्छ आलीय. आणि हे काय — सत्तेचाळीस! ऐकलं की माझं तुमच्या साहेबांनी! आता त्यांच्या शेजारी माझीपण एक खुर्ची टाका.

बघू तरी आहे कुठे ही जागा. हा मोठा रस्ता... ही शाळा, हा दवाखाना... ही छोटी चौकट — हे तर माझं दुकान. आणि त्याच्या मागे या रेघा मारल्यात, त्या — नाही, नाही, ही वखार आहे हो. काहीतरी चुकलंय तुमचं. वखारीला नंबर कुठला? तिला सगळे वखारच म्हणतात.

वखारीला नंबर आहे?

आत्ता देते की मी अर्ज. दहा मिनिटांचं काम, तुम्ही बसा, तुमच्याच हाती — हो. हरकतीची मुदत काल पाच वाजेपर्यंत होती. माहीत आहे मला, ती सूचना मीच छापली होती. काल पाचच्या आधी मी सेक्रेटरींच्या अर्जातल्या चुका काढत होते... आणि मी लिहू तरी काय? म्हातारा तर सगळ्यांना वाटून टाकला मी.

काही नाही, बाबा! कोणी नाही आलेलं. बसा तुम्ही. वारा आहे ना? मग बसा.

— उरलेल्या प्रती? नाही निघायच्या. मशीन बंद पडलंय. हिरवा दिवा? असू दे हिरवा. बंद पडलंय म्हटलं ना. या तुम्ही.