सत्कारासाठी मैदान साफ

आमगावच्या बसस्टँडवर कोणी बोलायला येऊ नये म्हणून मी पुस्तक उघडून बसलो होतो. पुढच्या बाकावर दामिनी होती, बीएमएक्स सायकल शर्यतीत राज्यात पहिली आलेली. तिला गाठून गावचे पुढारी प्रफुलभाऊ बोलून राहिले होते.

“उद्या तुझा सत्कार हाय, बेटा. पण सायकलची सीट इतकी खाली काऊन?”

“शर्यतीत बसत नाही, भाऊ. उभ्यानंच चालवा लागते.”

“कॅरिअरबी नाही! आमी लावून देऊ.”

“शर्यतीत डबा नेत नाही. मागच्या साली तर तुमी म्हणत होते, पोरगी कायले उड्या मारते?”

“तवा पेपरात फोटो कुठं आला होता?”

“सत्कार कुठं हाय?”

“बोडीच्या तळ्याजवळच्या मैदानात. गाळाचे ढिगारे होते ना, सारे जेसीबीनं सपाट केले. मंडपाले जागा नको?”

“ते ढिगारे नोहोत, भाऊ. तो आमचा सायकलीच्या उड्यांचा ट्रॅक होता. दोन उन्हाळे थापून बनवला.”

“मंग बोर्ड लावाचा ना!”

“रविवारी देशाच्या संघाची निवड हाय. सराव कुठं करू?”

“स्टेडियमचं आश्वासन हाय ना, भाषणातच टाकलं.”

“त्यावर सायकल चालन का?”

“आता काय करू, सांग.”

“शाली नका आणू. पाहुण्यायले एकेक फावडं द्या. ढिगारे परत घालू.”

“साहेब फावडं धरतीन?”

“फोटो मस्त येते, भाऊ. मातीत हात, मागं गर्दी.”

प्रफुलभाऊंनी फोन काढून आपल्या कार्यकर्त्याला लावला.

“हॅलो, धर्मेंद्र? हार राहू दे. गावात फावडे किती भेटतीन?”