आश्विन पौर्णिमेची हरकत

रुख्मिणी : थांब, थांब. सुकेशनी, तू बोलायलीस का मलाच भास व्हायलाय? आज पौर्णिमा हाय ना?

सुकेशनी : पौर्णिमाच हाय, अक्का. तो केर तेवढा दाराकडं लोटा. आज विहाराचं कुलूप उघडलंय, तर झाडून तरी घेऊ.

रुख्मिणी : केर जाऊ दे मसणात! दर पौर्णिमेला आमचं मौन वंदनेपासून रातीपर्यंत, जेवढं जमंल तेवढं. तुझं पहाटेपासून. लेकीच्या लग्नाची बोलणी बी तू मान हलवून केलीस. आन् आज मोडलंस?

सुकेशनी : मोडलं न्हाई. घेतलंच न्हाई. पहाटे आठ शीलं घेतली, उपास धरला. मौन तेवढं बाजूला ठेवलं.

रुख्मिणी : का गं माय?

सुकेशनी : मागच्या पौर्णिमेचं आठवा. वंदना झाली आन् सिद्धोधन भावजींनी उभं राहून तीनदा विचारलं, ‘विहाराला कुलूप राहील, कुणाची हरकत?’ आपण साऱ्या बाया मौन धरून. पुढं बसलेल्या माणसांनी भावकी बघून तोंड उघडलं न्हाई. भावजी म्हणले, मंजूर.

रुख्मिणी : मला तर तवा खोकला आलता. तो बी दाबला मी. डोळ्यांतून पाणी आलं, पण खोकले न्हाई!

सुकेशनी : तवापासून रोज सकाळी मी पायरीवर बसते आन् कुलपाकडं तोंड करून वंदना म्हणते. आज ते विचारणार हायेत, निवडणूक बंद, विहाराची हाय तीच कमिटी कायम.

रुख्मिणी : कायम म्हणजे मरेस्तोवर?

सुकेशनी : मरेस्तोवर. त्यांच्या न्हाईतर आपल्या.

रुख्मिणी : हळू बोल. आले बघ अध्यक्ष. इस्तरी तर बघ सदऱ्याची, बसले तर मोडतील.

सिद्धोधन : जय भीम, वहिनी. सुकेशनी वहिनी, तुमचा आवाज? आणि आज?

सुकेशनी : जय भीम, भावजी. आज मला सभेत बोलायचं हाय.

सिद्धोधन : मग घरी यायचं होतं. चहा झाला असता, बोलणं झालं असतं. सभेत कशाला? अख्खं वालूर तुमच्या व्रताचं नाव घेतं. पोरी तुमच्याकडे बघून उपोसथाचं व्रत धरतात. लोक काय म्हणतील?

सुकेशनी : म्हणूनच तुमी सभा पौर्णिमेला ठेवता का?

सिद्धोधन : वहिनी, हे मनाला लागतं बरं. पौर्णिमेला सगळे जमतात, एवढंच. आणि गप्प राहणं म्हणजे संमती, ही पद्धत मी काढलेली नाही. भिक्खू संघातही तीनदा विचारतात. मान्य असेल त्यानं गप्प राहावं.

सुकेशनी : मान्य नसंल त्यानं बोलावं, असंबी म्हणतात तिथं. ते तुमी सांगत न्हाईत.

सिद्धोधन : मागची निवडणूक विसरलात? दोन गट पडले. सख्खे भाऊ एकमेकांच्या मातीला गेले नाहीत. ते पुन्हा व्हायला नको म्हणून हा खटाटोप. फरशी बसवली, पंखे लावले. चिखलाचे पाय पडू नयेत म्हणून कुलूप. यात माझा स्वार्थ काय?

रुख्मिणी : फरशी लय छान हाय. पाय लावूच न्हाई म्हणल्यावर चमकणारच की.

सुकेशनी : अक्का, राहू द्या. भावजी, तुमची मेहनत खोटी न्हाई. उद्या निवडणूक घ्या, उभं राहा, मी माझं मत तुमालाच दीन. पण मी दिलेलं घ्या. न दिलेलं घ्यायचं न्हाई, हे दुसरं शील तुमीच पोरांना शिकवता ना?

सिद्धोधन : ...माणसं जमली. चला, वंदना सुरू करू.

(वंदना संपली आहे. माणसं पुढं बसली आहेत, बाया मागं.)

सिद्धोधन : पहिल्यांदा विचारतो. आहे तीच कमिटी कायम राहावी, यापुढे निवडणूक नको. कुणाची हरकत? ...दुसऱ्यांदा विचारतो. कुणाची हरकत? ...तिसऱ्यांदा...

सुकेशनी : माझी हरकत हाय.

सिद्धोधन : ठीक. एकट्या सुकेशनी वहिनींची हरकत. बाकी सर्वांना...

रुख्मिणी : एकटी कशी? माझी बी हाय! मोडलं माझं मौन, मोडू दे. आन् अध्यक्ष, जरा मागं बघा.

सिद्धोधन : मागे कुणीच बोलत नाही, रुख्मिणी वहिनी.

रुख्मिणी : बोलतील कशा? मौन धरलंय. मौन तोंडाचं असतंय, हाताचं न्हाई. हात बघा.

सिद्धोधन : ...सगळ्यांचेच?

सुकेशनी : खाली घेऊ नका गं हात. नीट बघू द्या त्यांना.

सिद्धोधन : बघितले. घ्या खाली. निवडणूक होईल. पण किल्ली तोवर माझ्याकडेच राहील.

सुकेशनी : राहू द्या. तवर मी पायरीवर हाय, रोज.

सिद्धोधन : मग दिवस तुम्हीच सांगा, वहिनी. कोणता ठेवू?

सुकेशनी : कोणताबी ठेवा, भावजी. पौर्णिमा सोडून.