तीन नंबरची बुटकी खिडकी

...आणि वर मलाच विचारतात, 'व्हर्लिन, नियम कुणी केला?' मीच केला! तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं वारसा समितीत आहे मी, मेन स्ट्रीटवर मला विचारल्याशिवाय कुणी खिळा ठोकत नाही, आणि माझं म्हणणं एकच... एकोणीसशे बारा सालात होतं तसं! बर्नडीनने तिच्या फुलांच्या दुकानाचं दार गुलाबी रंगवलं, तर मी जुना फोटो घेऊन हजर, 'बाई, हे हिरवं होतं'... आता काळ्या-पांढऱ्या फोटोत मला हिरवं कसं दिसलं, ते विचारू नका.

मग बँकेच्या डागडुजीची पाळी आली. चार दगडी खांब, वर मक्याच्या कणसांची कोरीव माळ... दोन हजार वस्तीच्या गावाला एवढी देवळासारखी बँक कशाला? तर शेतकऱ्याला आत शिरतानाच धीर यावा म्हणून! मधे कुणा शहाण्याने आत खोटं छत ठोकलं होतं, ते उतरवलं तर वर रंगीत काचांचं आभाळ! मी टोपीच काढली. आणि तेवढ्यात देमॉइन शहरातून आलेला आर्किटेक्ट टेप लावून म्हणतो, 'तीन नंबरच्या कॅश खिडकीच्या काउंटरचा संगमरवर चार इंच कापलाय. बदलावा लागेल. एकोणीसशे बारा सालात होतं तसं... तुमचाच नियम ना?'

अहो, तो कापला आर्लिससाठी! माझी बायको. एकतीस वर्षं त्या खिडकीत उभी होती, उंची पाच फूटसुद्धा नाही, गिऱ्हाइकांना नुसते केस दिसायचे, शेवटी मॅनेजरने दगडच कापून घेतला. दर शुक्रवारी बाकीच्या खिडक्या रिकाम्या असल्या तरी मी हिच्याच रांगेत, आणि ही लग्नानंतरही सगळ्यांसमोर विचारायची, 'ओळखपत्र आणलंय का, मिस्टर टेस्डाल?' तिला जाऊन चार वर्षं झाली. तिचे कपडे, कपबशा, सगळं मुलींनी नेलं. तो दगड तेवढा अजून तिच्या मापाचा आहे हो.

पण समितीच्या सभेत सवलत मागू कुठल्या तोंडाने? तेवढ्यात उठली कोण? बर्नडीन! म्हटलं, आता गुलाबी दाराचं उट्टं काढणार ही. तर शांतपणे म्हणाली, 'ती खिडकी आहे तशी राहू दे. आर्लिसपण या गावाचीच होती.' अध्यक्षांनी विचारलं, बाजूने कोण? सहा हात वर. विरोधात? आणि तुम्हाला सांगतो... माझा हात! बावीस वर्षांची सवय, सवलत म्हटली की आपोआप वर जातो! बर्नडीन कानात म्हणाली, 'हात खाली घे, वेड्या, खिडकी वाचली.' घेतला, पण तोवर इतिवृत्तात लिहून झालं होतं... सहा विरुद्ध एक.

आता त्या खिडकीत नवी पोरगी आलीय, सहा फूट उंच, बिचारी दिवसभर वाकून कंबर धरते. परवा शुक्रवारी मी रांगेत, तर कावून मलाच विचारते, 'हे एवढं खाली कुणी कापलं हो?' काय सांगणार? त्या हिरव्या दारानंतरचं आयुष्यातलं दुसरं खोटं बोललो. म्हटलं, 'पोरी, इलाज नाही. एकोणीसशे बारा सालात होतं तसं.'