महिन्याला चार इंच

कुणालाच खरं वाटलं नाही हो, भाऊ — वकिलाला नाही, माझ्या सख्ख्या बहिणीला नाही. म्हणे, खोली काय कापड आहे, इंचाइंचानं विकायला? आता गळती बघायला आलाच आहात, तर स्वतःच्या डोळ्यांनी बघा. या — चपला बाहेर काढा आधी! माझ्यासाठी नाही, शिंप्यासाठी. दाराकडची अर्धी खोली त्याची झालीय. माझ्या अर्ध्यात जायचं तर त्याच्या अर्ध्यातून जावं लागतं, आणि तो मशीनवरून मान वर न करता विचारतो, 'कोण आलंय? कशाला?' — मलाच! आज अस्तर आणायला गेलाय म्हणून बरं. ही रेघ दिसली? त्याच्याच खडूची. पुसायची नाही हं.

अहो, सोपं आहे. शिंपी माझा भाडेकरू. खोली विकत घेतो म्हणाला, पण एकरकमी पैसे कुठले त्याच्याकडे? आणि माझं बँकेचं कर्ज अजून चालूच. मग ठरलं — त्यानं मला हप्ता द्यायचा, मी त्यातून बँकेचा भरायचा, उरेल ते माझं. पहिल्याच हप्त्याला टेप घेऊन उभा. खोली वीस फूट, हप्ते साठ — हप्त्याला चार इंच! मी म्हटलं, आखा. चौथी शिकलेय मी, भागाकार येतो मला. तीस हप्ते झाले, रेघ मध्यावर आली. त्यानं आपल्या भिंती पोपटी रंगवल्या — डोळे दुखतात, पण बोलायची सोय नाही. मोरी मात्र अजून माझ्या बाजूला, म्हणून रोज अंघोळीला 'येऊ का, मालकीणबाई' म्हणून विचारतो. विचारायलाच पाहिजे!

खाटेवर? नवरा आहे माझा. गल्ली त्याला आरामशेठ म्हणते. कामाला जा म्हटलं तर रुसून इथं येऊन पडला — न विकलेली बाजू घरचीच ना, म्हणून! रेघ पुढे आली की खाट मागे, रेघ पुढे की खाट मागे. गेल्या महिन्यात खाट मोरीच्या भिंतीला टेकली. आता परवा हप्ता आला की रेघ थेट उशीवर. मी सांगूनच टाकलंय — गुमान घरी चला, कामाला लागा, नाहीतर शिंप्याला उशीचं भाडं द्या.

आणि गळतंय ते नेमकं उशीच्या वर, म्हणून ती बादली. शिंपी म्हणतो, रेघ यायच्या आत दुरुस्त करा, गळका माल मी घेणार नाही, हप्ता बंद. त्याचा बंद झाला की बँकेचा बंद, बँकेचा बंद झाला की खोली गेली — सोळा वर्षं दवाखान्याच्या चादरी धुऊन केलेली खोली, भाऊ! हातांची सालटी बघा.

बँकेला? छे! बँकेला कोण सांगतंय! त्यांना न विचारता विकायची नाही असं कागदावर आहे म्हणे. कळलं तर सगळं कर्ज एका दमात मागतील. त्यांना अजून वाटतंय शिंपी भाडेकरूच — लिहून काय घेताय? ओल वर आहे, वर बघा ना. जमिनीचा फोटो कशाला?

काय? गळतीवाले नाही? मग — बँकेतून?

बसा ना, साहेब. रेघेवर नको — म्हणजे, रेघ कसली, केर कुठवर काढायचा त्याची खूण ती. विकलीय कोण म्हणालं? मी? मी अडाणी बाई, बोलण्याच्या भरात... तक्रारीचं पत्र आलंय? शिंपीच मेला! — थांबा, तो कशाला लिहील, त्याचेच तीस हप्ते पाण्यात जातील. वाचा बघू. काय? 'रेघ माझ्या उशाशी आली आहे, तरी न्याय मिळावा'?

उशाशी.

साहेब, जरा बाजूला व्हा. ती भरलेली बादली द्या इकडे. चादर काढा तोंडावरून, आरामशेठ!